टोक तोडलेले गळ

त्या घरात नळ बंद केला तरी पाण्याचा आवाज थांबत नसे. नदी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालूनच जायची, आणि आमच्या आधीच्या भाडेकरूंनी म्हणे त्या आवाजाला कंटाळून घर सोडलं होतं. आम्हाला ते मिळालं तेही त्यामुळेच. स्टुटगार्टहून एस-बान लोकलच्या शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, तिथून बस धरायची, आणि बस जिथे वळून परत जायची तिथे आमचं गाव. बाबा रोज हा सगळा प्रवास करून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर काम करायला जात. कंत्राट संपत आलं की घरात सगळे हळू बोलायला लागायचे. ते वाढलं की आई शिरा करायची, आणि शिऱ्याची चव जिभेवरून जाते न जाते तोच पुढचं कंत्राट संपायला आलेलं असायचं. माझ्या आठवणीतले बाबा सतत दमलेले आहेत. आईही दमलेली आहे. मी सोळा वर्षांची होते, मला दमायचं काही कारण नव्हतं, पण घरातली हवाच तशी होती. आज माझी मुलगी सोळाची आहे आणि शाळेतून येऊन दप्तर टाकून ज्या तऱ्हेने सोफ्यावर पडते, ते पाहिलं की वाटतं, आमच्या घरातून हिला दुसरं काही नाही तरी हे मात्र बरोबर पोचलं.

आई वेंगुर्ल्याची. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मासा नाही असा जेवणाचा दिवस नाही. बाबा सांगलीचे, ज्यांच्याकडे चातुर्मासात कांद्यालाही घरात मज्जाव. पुण्यात एकाच कॉलेजात होते, जमलं, आणि मग व्हायचं ते सगळं झालं. लग्न ठरवायला दोन्हीकडची माणसं जमली होती, बाबांच्या आत्या नाकाला पदर लावून बसल्या होत्या, आणि कुणी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "मी मासे सोडले." झालं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि पोहे आले. हा प्रसंग बाबा इतक्या कौतुकाने सांगायचे की लहानपणी मला वाटायचं, ही फार गमतीची गोष्ट आहे. आईने ते एक वाक्य उच्चारलं आणि तेव्हापासून ते पाळलं. स्वयंपाकघरात तिच्या मसाल्यांच्या मागे एक छोटा स्टीलचा डबा असे, त्यात तिच्या आईने दिलेली तिरफळं. तिरफळ घालतात ते माशाच्या आमटीत, तेव्हा आमच्या घरात त्याचा काही उपयोग नव्हता. आई कधीमधी तो डबा उघडायची, वास घ्यायची आणि झाकण लावून परत मागे ठेवायची. मला बरीच वर्षं ते सर्दीचं औषध वाटत होतं. शुक्रवारी इथे सुपरमार्केटात माशांच्या काउंटरपुढे गर्दी असते. तिथून जाताना आईची ट्रॉली जरा हळू व्हायची. मला हे आज लिहिताना दिसतं. तेव्हा मी पुढे चॉकलेटांकडे गेलेली असायची.

अशा घरात मासे पकडायला लागले ते बाबा. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं, आणि संध्याकाळी नदीकाठाने चालताना त्यांना कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसं दिसायची. हातात लांब लवचीक काठी, डोक्यावर मागेपुढे जाणारी दोरी, तोंडातून अवाक्षर नाही. एक दिवस घरी येऊन, बूटसुद्धा न काढता ते आईला म्हणाले, "सुनंदा, त्या माणसांना कुणी काही विचारत नाही बघ." आई म्हणाली, "पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला कोण काय विचारणार!" पण बाबांच्या डोक्यात ते बसलं. जर्मनीत नदीत नुसतं उभं राहायलाही परीक्षा असते. फिशरायशाइन म्हणजे मासे धरायचा परवाना, आणि त्यासाठी क्लास, पुस्तक, प्रश्नपत्रिका. जन्मात मासा न शिवलेल्या बाबांनी माशाच्या पोटातला एकेक अवयव जर्मनमध्ये घोकून काढला. रात्री जेवताना मी त्यांची उजळणी घ्यायची. एकदा कल्ल्यांच्या रंगापाशी अडकले, तर आमटी ढवळता ढवळता, मागे वळूनही न बघता आई म्हणाली, "ताज्या माशाचे लाल. शिळ्याचे तपकिरी." बाबांनी ते लिहून घेतलं.

त्या परीक्षेतली एक गोष्ट मात्र त्यांनी पाठ केली आणि सोयीस्करपणे विसरून गेले. इथे मासा गंमत म्हणून पकडून सोडून देता येत नाही. पकडायचा तो खायला. मापाचा मासा हाती लागला की तो तिथेच मारायचा आणि घरी न्यायचा. मुक्या जिवाला उगाच छळू नये, असा त्यामागचा विचार. बाबांना मारायचं नव्हतं आणि खायचं तर त्याहून नव्हतं. त्यांना फक्त पाण्यात उभं राहायचं होतं, आणि मासा वर येऊन आपण फसवून ठेवलेला किडा तोंडात धरतो तो एक क्षण बघायचा होता. मग या हुशार इंजिनिअरने तोडगा काढला. पिसं आणि दोरा गुंडाळून हे लोक खोट्या माश्या बनवतात, आत बारीक गळ असतो. बाबा माशी बनवून झाली की पक्कड घ्यायचे आणि गळाचं टोक वाकासकट तोडून टाकायचे. मासा यायचा, धरायचा, फसलो म्हणून थुंकून टाकायचा आणि आपल्या वाटेने जायचा. तोडलेली टोकं जेवणाच्या टेबलाखाली गालिच्यात पडायची. पायात रुततील म्हणून आई फ्रिजवरचं लोहचुंबक काढायची आणि गुडघ्यांवर बसून ती शोधत फिरायची. आमच्याशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं. मासेमारीच्या क्लबात सगळे समजायचे की हेर बापट, म्हणजे श्रीयुत बापट, बिचारे फार कमनशिबी आहेत. सर्वांत जास्त वाईट वाटायचं ते हेर केलर यांना. ते दातांचे डॉक्टर होते, निवृत्त झाल्यावर क्लबाच्या वतीने नदीची देखभाल बघायचे, आणि बाबांना रिकाम्या हाताने घरी जाताना पाहिलं की खांद्यावर हात ठेवायचे.

मायफ्लीगे म्हणजे मे महिन्यातली माशी. तिची अळी दोन वर्षं नदीच्या तळाशी, वाळूत स्वतःला पुरून घेऊन राहते. मग मेअखेरीस एखाद्या दुपारी वर येते, पाण्यावर कात टाकते, पंख वाळेपर्यंत तरंगत राहते आणि उडते. एकदोन दिवसांत सगळं आटपतं. पण त्या एकदोन दिवसांसाठी एरवी दगडाखाली लपून बसणारे शहाणे मासे वेडे होतात. हवा मात्र जमून यावी लागते. कडक ऊन असलं की पंख लगेच वाळतात आणि माशी निसटते. वारा असला तर ती पाण्यावर टिकत नाही. ढगाळ, उबदार, थोडी दमट दुपार हवी, आदल्या पावसाने पाणी किंचित चढलेलं आणि चहाच्या रंगाचं झालेलं हवं. बाबा आठवडाभर दोरीला थर्मामीटर बांधून पुलावरून सोडायचे, दगड उलटून बघायचे आणि आईला खबरा द्यायचे. कंपनीतल्या कुठल्याही गोष्टीबद्दल मी त्यांना इतक्या आनंदाने बोलताना ऐकलं नाही. आता उन्हाळ्याआधीच नदी खाली जाते, पाणी कोमट होतं, आणि ज्या किड्यांनी तेव्हा आमची खिडकी आंधळी व्हायची ते हल्ली बोटांवर मोजता येतात. बाबांना हे सांगू नये असं वाटतं, पण त्यांना माझ्याआधीच कळलेलं असतं.

त्या वर्षी अण्णा आले होते, बाबांचे वडील. आजी गेल्यापासून उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे असायचे. माणूस शांत, स्वयंपाकाला कधी नाव ठेवायचे नाहीत, पण त्यांच्यासमोर आई पाठ ताठ करूनच बसायची. फिंग्स्टनची, म्हणजे ईस्टरनंतरच्या सणाची सुट्टी होती, दोन दिवस पाऊस पडून गेला होता, आणि दुपारी बाबा खिडकीतून डोकावून ओरडले, "चला, चला, आज आहे!" आईने दडपे पोहे डब्यात भरले, चहाचा थर्मास घेतला, मी घडीची खुर्ची घेतली आणि आम्ही अण्णांना काठावर नेऊन बसवलं. बाबा कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून पाण्यात उतरले. थोड्याच वेळात सुरू झालं. पाण्यावर इवल्या शिडांसारखे पिवळसर पंख, एक, मग चार, मग कुठे बघावं कळेना. आणि त्यांच्यामधून माशांची तोंडं.

बाबांनी त्यातली एक माशी ओंजळीत धरून अण्णांना आणून दाखवली. "अण्णा, ही वर आल्यावर काही खात नाही. हिला धड तोंडच नसतं."

"म्हणजे एकादशी म्हणायची हिची," अण्णा म्हणाले. "निर्जळी."

आई पोहे वाढत होती. "दोनच दिवस ना?" ती म्हणाली. "मग काही अवघड नाही."

बाबा हसले. अण्णांनी मात्र ताटली हातात घेताना आईकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

तेवढ्यात हेर केलर काठाने आले. आज आपल्या कमनशिबी मित्राचं घरचं मंडळ जमलेलं बघून त्यांना भरून आलं असावं. बाबांच्या दोरीला काय बांधलंय ते न बघताच म्हणाले, "हेर बापट, ते काढा. आज माझी माशी घ्या. आज तुमच्या वडिलांसमोर मासा मिळालाच पाहिजे." आणि स्वतःच्या हाताने त्यांनी बाबांची माशी कापून खिशात टाकली आणि आपली बांधली. बाबांनी फक्त "नको" म्हणायचं होतं. पण समोरचा माणूस प्रेमाने काही देत असताना नको म्हणायची विद्या आमच्या घराण्यात कुणाला नाही. जेवायला बसलं की पानात चौथी पोळी पडते तीही अशीच. बाबा "डांके, डांके" म्हणाले, कानांपर्यंत लाल झाले आणि पाण्यात परत गेले. मला वाटतं त्यांनी मुद्दाम वाईट फेकलं. पण त्या दिवशी माशांना चांगलंवाईट कळत नव्हतं.

काठी वाकली. इतके दिवस त्यांनी जे फक्त पाहिलं होतं ते एकदम हाताला लागलं, वजनासकट. हेर केलर आनंदाने उड्या मारायचे बाकी होते. त्यांनी जाळी खाली घातली, आणि तांबडे ठिपके असलेला हातभर मासा त्यात वळवळत काठाशी आला. "पेट्री हाइल!" त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन हलवला. मासा मिळालेल्याचं इथे असं अभिनंदन करतात. बाबांनी "पेट्री डांक" असं उलटं उत्तर द्यायचं असतं, तेही त्यांना सुचलं नाही. हेर केलरनी खिशातून छोटं लाकडी दांडकं काढून त्यांच्यापुढे धरलं.

"हा... हा सोडला तर?" बाबांनी जर्मनमध्ये विचारलं.

"सोडला?" हेर केलरचं हसू मावळलं. "मापापेक्षा कितीतरी मोठा आहे. घरी न्यायचा, हेर बापट. मासा म्हणजे खेळणं नाही. तुम्ही परीक्षा दिलीय ना?"

दिली होती. कुठे आणि कसा मारायचा हे त्यांना तोंडपाठ होतं. मीच तर उजळणी घेतली होती. बाबांनी दांडकं हातात घेतलं. अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं. त्यांचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. मासा तोंड उघडत होता, मिटत होता. मला भयंकर राग आला, आणि तो कुणाचा ते कळेना. मी जर्मनमध्ये ओरडले, "काहीतरी करा ना!"

"अहो, बाजूला व्हा," आई म्हणाली. "तडफडतोय तो."

तिने चप्पल काढली, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरली. डाव्या हाताने मासा असा धरला की तो वळवळायचा थांबला, आणि उजव्या हाताने एकच फटका. मग हेर केलरकडे नुसता हात पुढे केला. त्यांनी मुकाट्याने सुरी दिली. तिने काठावरच्या सपाट दगडावर मासा उघडला, आतलं सगळं एका ओढीत काढलं, पाण्यात धुतला. माझ्या आईच्या हातांना हे येतं हे मला माहीत नव्हतं. ते हात पोळ्या लाटताना, इस्त्री करताना, टेबलाखाली गळाची टोकं शोधताना मी पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी ते दमलेले असत. इथे नव्हते. हेर केलरनी काठावरची ब्रेननेसेलची पानं तोडली, अंगाची आग करणारी पानं असतात ती, आणि मासा त्यांत गुंडाळून दिला. म्हणे थंड राहतो. जाताना त्यांनी टोपी काढली ती आईसाठी.

आम्ही घरी आलो. बाबांनी दारात एकदा "केलरनाच देऊन टाकायला हवा होता" असं म्हटलं, पण ते स्वतःशीच. आईने आंघोळ केली, केस बांधले आणि बाल्कनीत कॅम्पिंगची शेगडी नेऊन ठेवली, कारण स्वयंपाकघरात देव होते आणि अण्णा तिथेच जेवायचे. मीठ, हळद, तिखट, आमसुलाचं पाणी चोळून ठेवलं होतं, वरून तांदळाचं पीठ. बाहेर वारा सुटला होता. ती काडी ओढायची, विझायची, ती परत ओढायची. शेवटी ती शेगडीसमोर तशीच बसून राहिली, खांदे पाडून, आणि मला वाटलं ही आता रडणार.

अण्णा दिवाणखान्यातून उठून बाल्कनीच्या दाराशी आले. "सुनंदा, आत कर," ते म्हणाले. "वाऱ्यात पेटायची नाही ती."

"आत नको, अण्णा."

"का नको? मी कधी नको म्हटलं होतं का तुला?"

आईने वर पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "तुम्ही कधी नको म्हटलं नाहीत. पण खा असंही कुणी म्हटलं नाही. मी एकदा बोलले, आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं, बस. मी वाट बघितली हो. पहिली काही वर्षं तर रोज."

बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. अण्णांनी दाराची चौकट सोडली. मग ते वाकले, पीठ लावलेल्या माशाची ताटली स्वतःच्या हाताने उचलली, आणि जन्मभर ज्याचा वास चुकवायला रस्ता बदलला तो मासा दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला. "खा," ते म्हणाले. मग देवांसमोर दिवा लावायची वेळ झाली होती म्हणून त्यांनी दिवा लावला.

आई टेबलाशी बसून एकटीच जेवली. आम्ही तिघं आजूबाजूला उगाच काहीबाही करत होतो. तिने पहिला घास खाल्ला, चावला, थांबली. "कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"बेचव," आई म्हणाली आणि हसायला लागली. "गोड्या पाण्यातला ना. मातीसारखा लागतोय. इतकी वर्षं थांबले आणि हा असला!" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने मनगटाने पुसलं, कारण बोटं भरली होती. पण तिने तो सगळा खाल्ला, काटे चोखून ताटलीच्या कडेला एका रेषेत लावले. मला एक तुकडा दिला. खरंच बेचव होता.

त्यानंतर आमच्या घरात सुरमई यायला लागली, बांगडा यायला लागला. फ्रँकफर्टच्या ओळखीच्या दुकानातून बर्फात घालून. तिरफळाचा डबा पुढच्या रांगेत आला. तरी पुढच्या मे महिन्यात बाबा माश्यांची पेटी भरत होते तेव्हा आई त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "एकीचं टोक ठेवा." बाबा म्हणाले, "अगं, तुला आवडला कुठे होता तो?" ती म्हणाली, "बांगडा मी विकत आणते. तो तुम्ही आणलेला असतो." तेव्हापासून दर वर्षी पेटीत एक माशी अख्खी असायची. बाबा पकडायचे, स्वतःच मारायचे, आईने दाखवल्याप्रमाणे एका फटक्यात, आणि त्या रात्री त्यांना जेवण जायचं नाही. आई शेजारी बसून तो मातकट मासा मन लावून खायची.

आई गेल्यानंतरचा हा दुसरा मे. फिंग्स्टनला मी फ्रँकफर्टहून गेले, मुलीला घेऊन. बाबांना आता पाण्यात फार वेळ उभं राहवत नाही, पण पेटी त्यांनी तयार ठेवली होती. बोटं थरथरतात, तरी माश्या अजून सुबक असतात. चहा झाल्यावर त्यांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. एका कोपऱ्यात एक अख्खी होती. गेल्या वर्षी तिला कुणी हात लावला नव्हता.

"एवढीचं टोक राहिलंय," ते म्हणाले आणि पक्कड माझ्या हातात दिली. "मला जमत नाही. तू तोड."

मी तोडलं. टोक उडून टेबलाखाली कुठेतरी गेलं. मी फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं आणि गुडघ्यांवर बसून गालिच्यात शोधायला लागले.